उचकी, ढुशी, हिसका

मंगळवार, ३ मार्च

भिंगरे,

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील, तर वन्सं. मुंगीला साखरेचा लागत नसेल तेवढा वास यांच्या या बहिणीला बातमीचा लागतो. गाडी फाटकाला धडकून दहा मिनिटंही झाली नव्हती, तर बाई दारात हजर, एका पायात काळी चप्पल आणि दुसऱ्यात तपकिरी. "दादा, लागलं का रे?" हे पहिलं वाक्य, "मी म्हणतच होते" हे दुसरं, आणि तिसरं "वहिनी, चहा टाक". मग समोरच्या नर्सबाई आल्या, रात्रपाळी करून, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी यांची नाडी बघितली, माझी बघितली, आणि झोपेच्या भरात वन्संचीही बघितली. वन्संना त्याचा फार आनंद झाला. आणि संध्याकाळी पाचला तुझा मामा. दोन तासांचा रस्ता, कामावरून उठून आला. त्याला फोन कुणी केला ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

आता नीट सांगते. लागलं कुणालाच नाही. फाटकाची कडी वाकली आणि गाडीच्या नाकावर ओरखडा आला, एवढंच. काल सोमवार, म्हणजे माझा पोहायच्या तलावाचा दिवस. तुला माहीत आहे, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी कोमट पाण्यात चालायला सांगितलंय, आठवड्यातून तीनदा. हे मला नेतात, मी पाण्यात बदकासारखी चालते, हे काठावर बसून माझ्या फेऱ्या मोजतात आणि नेहमी एक कमी सांगतात. काल निघताना यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडीने एकदम पुढे ढुशी मारली. वासरू मारतं ना गाईला, तशी.

ही गाडी मामाचीच. त्याने नवी घेतली, जानेवारीत ही आम्हाला दिली. हिला क्लच दाबायचा नसतो, गिअर आपणच बदलते. मामाकडे दोन वर्षं लोण्यासारखी चालली म्हणे. आमच्याकडे पहिला दिवस छान गेला आणि दुसऱ्या दिवसापासून हिला काय झालं कोण जाणे. उचक्या देते, हिसके देते. यांनी काल तिला गॅरेजात नेलं, दुपारभर त्या गॅरेजवाल्याला घेऊन फिरवली. त्याने संगणक लावला आणि म्हणाला, दोष काही दिसत नाही, चालवणाऱ्याने सवय करून घ्यावी.

मग मामा आला. त्याने स्वतः गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. भिंगरे, एक धक्का नाही. पाण्यावरून होडी जावी तशी गेली. आम्ही सगळे फाटकात उभे. आणि मग सगळ्यांनी कुठे बघितलं असेल? यांच्या उजव्या पायाकडे.

मामा म्हणाला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण गाडी तीच आहे, पाय बदललाय." चांगल्या सुरात म्हणाला हो, उद्धटपणे नाही. "एकतीस तारखेपर्यंत वापरा, मग मी घेऊन जातो. आईला तलावावर न्यायला कुणीतरी लावू." जाताना दुसरी किल्ली खिशात घालून गेला.

ज्या माणसाने चौतीस वर्षं शहरात बस चालवली, उभ्या माणसाचा चहा सांडू दिला नाही, त्याने हे ऐकून काय केलं असेल? कप विसळून ठेवला. स्वतःचा आणि वन्संचाही.

तू गाड्या दुरुस्त करतेस म्हणून विचारते. गाडीत काही आहे, की पायात? मला खरं सांग. पायात असेल तर किल्ली मी स्वतः मामाच्या हातावर ठेवीन, रस्त्यावर लोकांची पोरं चालतात. पण गाडीत असेल आणि आपण उगाच माणसाचा पाय मोडून ठेवला असेल, तर ते मला सहन व्हायचं नाही. फोनवर विचारलं नाही, कारण फोन बाहेरच्या खोलीत आणि हे त्याच्याजवळ पेपर वाचतात. कालपासून तेच पान आहे.

तुझी,
आजी


गुरुवार, ५ मार्च

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

खरं सांग म्हणालीस म्हणून खरं सांगते: मला माहीत नाही. इतक्या लांबून कळतही नाही. आणि आमच्याकडे गिअरबॉक्स अजून वस्तादच उघडतात, मी त्यांच्या हातात पाने देते. पण या गाडीत काय असतं ते सांगते.

तिच्या गिअरच्या पेटीत एक नाही, दोन क्लच आहेत. एकाकडे एक, तीन, पाच हे गिअर, दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. गाडी पहिल्यात धावत असते तेव्हाच दुसऱ्या क्लचने दोन नंबर तयार ठेवलेला असतो. मग पहिला सोडतो आणि दुसरा पकडतो, एकाच क्षणी. ते नीट जुळलं तर बसलेल्याला कळतही नाही. नाही जुळलं तर धक्का. एक क्लच झिजला असेल तर त्याच्याच गिअरना धक्के बसतात. पेटी तापली तरी बसतात. आणि हो, आजोबांसारखे जुने चालक चढावर ब्रेक न धरता गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरतात, त्यानेही हा क्लच जळतो. म्हणजे तुझ्या प्रश्नाला "पाय" हे उत्तर असूही शकतं. तू घाबरू नकोस, पण मी लपवत नाही.

दोन गोष्टी कर. एक, त्यांच्या शेजारी बसशील तेव्हा समोर D या अक्षराशेजारी आकडा दिसतो तो बघ. धक्का बसला की लिही: कितीवरून कितीवर, गाडी नुकती सुरू झालेली की चालून तापलेली. दुसरी गोष्ट अवघड आहे. त्याच रस्त्याने, त्याच वेळी, दुसऱ्या कुणालातरी चालवायला दे आणि आजोबांना मागे बसव. धक्का गेला तर पाय, राहिला तर गाडी. मामाने चालवली ती संध्याकाळी, तुम्हाला धक्का बसला तो सकाळी. ही काही बरोबरीची परीक्षा झाली नाही.

तुझी भिंगरी


शुक्रवार, १३ मार्च

भिंगरे,

दोन क्लचचं तुझं मला चटकन कळलं. अगं, दोन जावांचं असतं तसंच की. तुझी आई सहा महिन्यांची होती तेव्हा मी आणि माझी जाऊ तिला अशीच या हातातून त्या हातात द्यायचो. दुसरीने नीट धरल्याशिवाय पहिलीने सोडायचं नाही. पहिलीने आधी सोडलं तर बाळ दचकतं, दोघींनी एकदम धरून ओढलं तर बाळ रडतं. म्हणजे आपल्या गाडीतल्या जावांचं जमत नाहीये, असंच ना?

धोब्याच्या वहीची मागची पानं घेतली. आकडे मला वाचता येतात. चौथीपर्यंत शिकले आणि तुझ्या गाडीत गिअर सहाच, तेव्हा शिक्षण पुरलं. पण धक्का धक्का असं सगळीकडे लिहून काही कळेना, कारण सगळे धक्के सारखे नाहीत. म्हणून मी नावं ठेवली. एकवरून दोनवर जाताना येते ती उचकी. दोनवरून तीनवर, तीनवरून चारवरही येते, जरा छोटी. ब्रेक सोडल्यावर पुढे मारते ती ढुशी. मागे घेताना बसतो तो हिसका, त्यात मान मोडते. यांनी विचारलं, काय लिहितेस? मी म्हटलं, चादरी. सोमवारच्या चादरी: सकाळी निघताना उचक्या सहा, ढुशा चार, हिसका एक. तलावावरून परतताना उचक्या दोन. दुपारी पुन्हा बाजारात गेलो तेव्हा एकच. संध्याकाळी नर्सबाईंना बस थांब्यावर सोडलं तेव्हा काही नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आता अवघड गोष्ट. बुधवारी नर्सबाईंना सुट्टी होती. त्यांना आधी सगळं सांगितलं, आणि यांना सांगितलं की नर्सबाईंना ही अशी गाडी शिकायची आहे, तुम्ही मागे बसून शिकवा. शिकवायचं म्हटल्यावर हे दाढी करून तयार. मागे बसले आणि सुरू झाले. "ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवू नका, ते काय पायपुसणं आहे का?" नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, मी सुई टोचते तेव्हा तुम्ही बोलता का? मग आत्ताही गप्प बसा."

फाटकातच ढुशी. बेकरीच्या वळणावर उचकी. शाळेच्या चढावर अशी मोठी उचकी की माझी पिशवी मांडीवरून खाली गेली.

हे पुढे वाकले. "पाय कुठे होता तुमचा?"

"ॲक्सिलरेटरवर. जेमतेम."

"दाबला नाहीत? एकदम?"

"आजोबा, बायकांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या पेशंटची शीर सापडते मला अंधारात. माझा पाय कुठे आहे ते मला कळतं."

हे मागे टेकून बसले. मी वळून बघितलं नाही, पण आरशात दिसत होतं. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. शाळा गेली, दवाखाना गेला, तलाव आला, तरी पुसतच होते.

घरी आल्यावर यांनी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणून पलंगाखाली सरकवला. आता हे तुला सांगावं की नाही, विचार करत होते. गेला महिनाभर हे दुपारी न्हाणीघराचं दार लावून बसायचे. मला वाटायचं, पोटाचं काही असेल. एकदा दार किलकिलं होतं. स्टुलावर बसले होते आणि उजवा पाय काट्यावर. काटा पाचवर धरायचा, मग हळूहळू दहावर न्यायचा, मग पुन्हा पाचवर, हलू द्यायचा नाही. ओठ मोजत होते. मी तशीच मागे फिरले आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

म्हणजे बघ, फाटकाला धडकायच्या कितीतरी आधी या माणसाने स्वतःलाच दोषी ठरवून टाकलं होतं. आम्ही तर नंतर आलो.

बुधवारी रात्रीचं जेवण नीट जेवले. गुरुवारी पेपरचं पान उलटलं. पोरी, तुझे उपकार कसे फेडू. पण गाडीला काय झालंय ते कळल्याशिवाय मामा काही ऐकायचा नाही. तो म्हणेल, नर्सबाई नवख्या, म्हणून.

आजी


मंगळवार, १७ मार्च

आजी,

वजनकाट्याचं वाचलं आणि मी गाडीखाली जाऊन झोपले, काम असल्यासारखी. वस्तादांना बाहेर राहिलेल्या पायांवरूनही माणूस कळतो. म्हणाले, "बाहेर ये. कुणी गेलं का घरातलं?" मी पत्र त्यांच्या हातात दिलं. माफ कर, विचारायला हवं होतं.

त्यांनी तुझ्या चादरी दोनदा वाचल्या. मग फळ्यावर लिहिलं: उचकी, ढुशी, हिसका. काल एक गिऱ्हाईक आलं, गाडी "कसंतरीच करते" म्हणालं. वस्तादांनी त्याला फळा दाखवला आणि विचारलं, "यातलं कुठलं?" तो म्हणाला, "मधलं." पंधरा मिनिटांत दोष सापडला. वस्ताद म्हणाले तुझ्या आजीला माझा नमस्कार कळव. त्यांना कुणाला नमस्कार कळवताना मी पाहिलेलं नाही.

आता ऐक. एक क्लच झिजला असता तर धक्के त्याच्याच गिअरना बसले असते. तुझ्या वहीत दोन्ही जावांचं बिनसलंय, सारखंच. म्हणजे झीज नाही. आणि तापल्यावर बिघडलेली पेटी आणखी बिघडते. तुमची उलट संध्याकाळपर्यंत सुधारते. वस्ताद म्हणतात, ही गाडी आजारी नाही, ही रोज सकाळी नवखी असते.

या पेटीला तिची स्वतःची आठवण असते, आजी. कुठला क्लच किती पुढे सरकला की पकड लागते, हे ती चालता चालता शिकते आणि जपून ठेवते. तुमची दिवसभर शिकते आणि दुसऱ्या दिवशी कोरी. मामाकडे असं होत नव्हतं. म्हणजे संध्याकाळी गाडी लावल्यापासून सकाळी काढेपर्यंत तुमच्या घरी काहीतरी होतं. काय होतं? बारीकसारीक सगळं लिही, तुला कितीही फालतू वाटलं तरी.

भिंगरी


शुक्रवार, २० मार्च

भिंगरे,

वस्तादांना माझाही नमस्कार. फळ्यावर माझं अक्षर नाही हे बरं झालं.

तू म्हणतेस काय होतं, तर काहीच होत नाही. हे गाडी लावतात. चाकांना एकेक लाथ मारून बघतात, ती डेपोतली सवय. काच पुसतात. मग बॉनेट उघडून बॅटरीची तार काढून ठेवतात, वर जुना टॉवेल पांघरतात, आणि "चल, नीज आता" असं म्हणून घरात येतात. माझ्याशीसुद्धा इतक्या मायेने बोलत नाहीत. सकाळी तार लावली की निघालो.

तारेचं विचारशील तर ते फार जुनं आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी डेपोत एक बस उभ्या उभ्या जळाली, तारेत ठिणगी पडून. आत कुणी नव्हतं, पण ती यांची बस होती. तेव्हापासून रोज रात्री तार काढायची. नंतरच्या मोटारीचीही काढायचे. पाना खिशातच असतो, कितीतरी पायजम्यांचे खिसे मी शिवले. इतक्या वर्षांत एक सकाळ गाडी सुरू झाली नाही असं झालं नाही, हे तेवढं खरं.

बाकी घड्याळाचं म्हणशील तर गाडीतलं घड्याळ रोज सकाळी बारा दाखवतं. हे म्हणतात नव्या गाड्यांची घड्याळं अशीच. रोज त्याच्याकडे बघून चिडायचे म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

आणखी काही नाही. मांजर टपावर झोपतं, त्याने काही होत असेल का?

आजी


सोमवार, २३ मार्च

आजी, मांजराला काही बोलू नकोस. सोबतचं पत्र आजोबांना दे. त्यांनाच वाचू दे, तू वाचून दाखवू नकोस. येत्या रविवारी मी वस्तादांना घेऊन येते आहे. मामालाही त्याच दिवशी बोलाव.


आजोबा,

आजीने मला तुमच्या गाडीबद्दल लिहिलं होतं, तुम्हाला न सांगता. तिला रागवायचं असेल तर आधी मला रागवा.

तुम्ही मला बसमध्ये मागच्या बाकावर बसवून डोळे मिटायला लावायचात आणि विचारायचात, आत्ता कुठला गिअर पडला? आज मी जे काम करते ते त्या बाकावर शिकले. म्हणून तुम्हाला गोल गोल फिरवून सांगणार नाही.

बॅटरीची तार काढली की या गाडीच्या पेटीची आठवण पुसली जाते. तुमच्या बसला आठवण नव्हती. तिला कुठे धरायचं, कुठे सोडायचं, ते तुमच्या पायाला माहीत होतं, आणि पाय रोज तुमच्याबरोबर घरी यायचा. या गाडीत ते सगळं पेटीलाच लक्षात ठेवायचं असतं. ती दिवसभर तुमच्याकडून शिकते, रात्री तार निघते, सकाळी पुन्हा अ आ पासून. गॅरेजच्या संगणकात दोष दिसला नाही कारण दोष नाहीच. मामाने चालवली तोपर्यंत तुम्ही तिला दिवसभर शिकवून ठेवलं होतं. त्याला जी मऊ लागली ती तुमची मेहनत.

आगीची भीती मी खोटी म्हणत नाही. रविवारी सगळ्या तारा मी स्वतः बोटांनी तपासून देईन. तोवर निदान तीन रात्री तार काढू नका. एवढं ऐकाल?

तुमची भिंगरी


शुक्रवार, २७ मार्च

चि. भिंगरीस,

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. त्याच रात्रीपासून तार काढली नाही. पहिल्या रात्री दोनदा उठून बघून आलो. अहवाल खालीलप्रमाणे.

बुधवार सकाळ: धक्के पाच. गुरुवार सकाळ: दोन. आज सकाळ: निरंक. नोंद तुझ्या आजीने केली आहे. चादरींच्या वहीत माझे नाव आहे हे मला आजच समजले.

चौतीस वर्षे ज्या हाताने गाडी जपली त्याच हाताने ही बिघडवत होतो, हे मान्य आहे. तुझ्या मामाला हे मी स्वतः सांगेन. तू सांगू नये.

एक विनंती. तुझ्या वस्तादांनी माझ्या शेजारी बसून तासभर रस्ता बघावा व पायाबद्दल जे दिसेल ते सांगावे. नातीचे आजोबा म्हणून भीड नको. डेपोत तपासनीस बसायचा तसे बसावे. पाय गेला असेल तर मी तीस तारखेलाच किल्ली देईन, एकतीसची वाट बघणार नाही.

डोळे मिटून तू पाचदा चुकायचीस आणि सहाव्यांदा बरोबर सांगायचीस. मी ते कधी बोललो नाही. बरोबर सांगायचीस.

आजोबा


सोमवार, ३० मार्च

भिंगरे,

तू काल रात्रीच्या गाडीने गेलीस आणि मला लगेच लिहायला बसावंसं वाटलं, पण आधी भांडी आवरली. आज लिहिते. तू दिवसभर बॉनेटात डोकं घालून होतीस, त्यामुळे बाहेर काय झालं ते तुला निम्मंही माहीत नाही.

तुझे वस्ताद केवढे बारीक गं. मला वाटलं होतं, वस्ताद म्हणजे दाराएवढा माणूस असेल. त्यांनी आपला लॅपटॉप लावून पेटीला पुन्हा सगळं नीट शिकवलं, ते तू पाहिलंस. मग हे दोघे निघाले. तासभर म्हणाले आणि पावणेदोन तास आले नाहीत. मी फाटकाशी, तुझा मामा फाटकाशी, वन्संही फाटकाशी, काल दोन्ही चपला एकाच रंगाच्या. वन्सं म्हणाल्या, "काही झालं तर नसेल ना?" मामा म्हणाला, "आत्या, आज तरी नको."

आले तेव्हा दोघे हसत होते. वस्ताद वीस वर्षांपूर्वी यांच्याच बसने कामाला जायचे म्हणे, दुसऱ्या दारातून चढायचे. चुकीच्या दारातून. हे त्यांना तेव्हा ओरडले होते आणि वस्तादांना ते अजून आठवतंय.

उतरल्यावर यांनी विचारलं, सगळ्यांसमोर, हात मागे बांधून. "बोला. काय दिसलं?"

वस्ताद म्हणाले, "पाय माझ्यापेक्षा हलका आहे. तोलून धरायची सवय चढावर एकदा दिसली, ती सोडा, ब्रेक धरा. मान उजवीकडे पुरती वळत नाही. मागे घेताना आजींना खाली उतरून बघू द्या, त्यांची नजर चांगली आहे, वही वाचलीय मी. आणि दर सहा महिन्यांनी डोळे तपासा."

"आणि नाही तपासले तर?"

"तर मी येऊन किल्ली नेईन. मला तुमच्या मुलाइतकं वाईट वाटणार नाही."

यांनी मान हलवली. वस्तादांनी नुसतंच गोड बोललं असतं, तर यांनी विश्वास ठेवला नसता. मानेचं सांगितलं म्हणून पायाचं पटलं. या माणसाचे मी किती आभार मानू, तूच त्यांना सांग, मी नुसती बशीत बिस्किटं वाढत राहिले. बारा खाल्ली बिचाऱ्यांनी.

आणि मग हे मामाकडे वळले. खिशातून पाना काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. म्हणाले, "रोज रात्री मी तार काढत होतो. गाडी त्याने विसरायची. दोष गाडीचा नव्हता, पायाचा नव्हता, माझ्या हट्टाचा होता. तुला उगाच कामावरून यावं लागलं."

तू तेव्हा आत हात धूत होतीस. मामाने पाना हातात उलटसुलट केला. मग म्हणाला, "बाबा, घड्याळावरची पट्टी मी त्या दिवशीच बघितली होती. मला वाटलं, तुम्हाला वेळ लावता येत नाही म्हणून झाकलंय. विचारलं तर तुम्हाला लाज वाटेल, म्हणून गप्प बसलो."

"विचारायचंस ना, गाढवा," हे म्हणाले.

"तुम्हीही सांगायचं होतं ना, की धक्के सकाळीच बसतात."

"मला वाटलं, सकाळी माझाच पाय आखडलेला असतो."

मग दोघेही गाडीकडे बघत उभे. सारखेच, हात मागे बांधून. तुझ्या मामाचा मला त्या दिवसापासून राग होता, आता सांगायला हरकत नाही. पण काल त्याचा चेहरा बघितला आणि कळलं. गाडी न्यायची होती ती आम्हाला अडवायला नव्हे. रात्री कुणाचातरी फोन येईल, तो उचलावा लागेल, या भीतीने त्याचंही पेपरचं पान उलटत नव्हतं. असा काळजी करणारा मुलगा आहे, हेही आमचं नशीबच म्हणायचं.

म्हणून मी सगळ्यांचीच ऋणी आहे. नर्सबाईंची, सुट्टीची झोप मोडून आल्या. वन्संचीही. हसू नकोस. त्यांनी मामाला फोन केला नसता तर तो आला नसता, तो आला नसता तर मी घाबरले नसते, आणि मी घाबरले नसते तर तुला लिहिलंच नसतं. हे अजून न्हाणीघरात काट्यावर पाय ठेवून बसले असते. काल वन्संना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होते."

आज सोमवार, तलावाचा दिवस. सकाळी निघालो. फाटक, बेकरी, शाळेचा चढ. मी वही मांडीवर घेऊन बसले होते, पेन उघडं. शाळेच्या चढावर यांनी ब्रेक धरला, मला दाखवून धरला. वर पोचलो तरी मी काहीच लिहिलं नव्हतं. हे म्हणाले, "काय, आज चादरी नाहीत?" पाण्यात मी अठरा फेऱ्या मारल्या. यांनी अठराच सांगितल्या, प्रथमच.

आता मुद्द्याचं. वस्ताद जाताना म्हणाले की तीन आठवड्यांनी पेटी एकदा बघून जाईन, तूही त्यांच्याबरोबर येणार आहेस. मामाने किल्ली परत द्यायला हवी होती, ती काही दिली नाही, आणि मी मागितली नाही. गाडीत बसला, गेला. दोन मिनिटांनी पुन्हा दारात. म्हणाला, "बाबा, भिंगरी यायच्या दिवशी मीही येतो. तुमच्या सुनेला आणि आमच्या धाकटीला घेऊन. माझी गाडी घरीच ठेवतो, रेल्वेने येऊ. स्टेशनवर न्यायला याल का? आम्ही तिघं, सामान आहे." आणि दुसरी किल्ली टेबलावर ठेवून गेला.

यांनी कालपासून स्टेशनचा रस्ता दोनदा पायी बघून ठेवलाय, खड्डे कुठे आहेत ते. तेव्हा लक्षात ठेव, तुम्ही सगळे रविवारी, एकोणीस एप्रिलला येणार आहात, आणि मामाची गाडी स्टेशनात सकाळी साडेनऊला लागते.

आजी